घट

चॅपलच्या मागच्या खोलीत चार दिवसांचा वर्ग.
खुर्च्या रविवारच्या शाळेच्या, गुडघे हनुवटीला लागतात.
आम्ही नऊ जण. सहा कारखान्यातले,
दोन पोरं, अजून कुठलीच नसलेली,
आणि न्यूपोर्टहून पहाटेची बस पकडून येणारी इदिल,
जिच्या वहीत समासही आखलेला असतो.

डेलिथ शिकवते. उंची माझ्या खांद्याइतकी.
बावीस वर्षं साध्या कपड्यांत तिनं दुकानं राखली.
पहिल्या सकाळी फळ्यावर एकच शब्द: घट.
माल आला शंभर, विकला नव्वद, उरला आठ,
मधले दोन गेले कुठे?
कोणी खिशात घातले, कोणी मागच्या दारानं नेले,
कोणी मोजलेच नव्हते.
"सगळ्यात निर्ढावलेला चोर म्हणजे चुकलेली बेरीज," ती म्हणाली.

मला हसू आलं.
घट मला शिकवता, बाई?
एकतीस वर्षं वितळलेल्या पोलादापाशी उभा होतो.
निवताना ते आकसतं, म्हणून साचा थोडा मोठा करतात,
जाणारं आधीच हिशेबात धरतात.
आमच्या बाबतीत कोणी धरलं नव्हतं.
बोललो नाही. वहीत लिहिलं: घट.

दुसऱ्या दिवशी टेबलांचं दुकान मांडलं.
रिकामी खोकी, व्हिस्कीच्या बाटलीत चहा,
चीज मात्र खरं, कारण डेलिथच्या मते
चीज उचलताना माणसाचा चेहरा बदलतो.
गेथिन चोर झाला. माझ्या शिफ्टचा क्रेनवाला,
एवढा धिप्पाड, पण असा वळला
की आम्हा आठांत एकट्या इदिलला दिसलं.
चहाच्या सुट्टीपर्यंत त्याचे कान लाल होते.

मग नियम, घोकून घेतलेले.
उचलताना पाहा. लपवताना पाहा.
नजर तुटू देऊ नका.
पैसे चुकवून उंबरा ओलांडू दे, मग पुढे व्हा,
तळवे उघडे, आवाज खाली.
आणि मध्ये एकदा जरी नजर तुटली,
शिंक आली, कोणी वेळ विचारली,
तर तो माणूस तुमच्यापुरता साव.
जाऊ द्या.

तिथे माझी पेन्सिल थांबली.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी
भट्टीत बघायची निळी काच मी घरी नेली.
कंपनीची वस्तू. तळहाताएवढी, लाकडी मुठीची.
डब्याच्या पिशवीत, टॉवेलखाली.
फाटकावर हेडन. रोजच असायचा.
त्यानं पिशवी पाहिली,
पिशवीवरची माझी पकड पाहिली,
मग मान वर करून
ढगांकडे बघत राहिला,
जणू आभाळही त्याच्याच ड्यूटीत.
मी बाहेर.
वाटलं, म्हातारा झाला, लक्ष राहत नाही.

परीक्षेत इदिल पहिली. मी पास.
गेथिन तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही,
म्हणाला, जन्मभर सगळ्यांना वरून पाहिलं,
आता दारात उभं राहून डोळ्यांत नाही बघवत.

मी बघतो. सुपरमार्केटचं दार,
काळा कोट, बाही बोटभर लांब.
पूर्वी ज्वाळेच्या रंगावरून उष्णता सांगायचो,
आता हात वाचतो.
ज्याला न्यायचंच आहे तो किंमत बघत नाही.
दोघांना धरलं आजवर. एक पोरगा, ब्लेडची चार पाकिटं.
एक बाई, माझ्या बायकोच्या कॉयरमधली.
दोन्ही वेळा आवाज खाली राहिला.
दुसऱ्या वेळी रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी हेडन येतो.
पाव, मांजराचं खाणं, कधी एखादी बिअर.
जाताना न विचारता पिशवी उघडून
माझ्यापुढे धरतो.
मी मान वर करतो.
इथे ढग नाहीत. तिसऱ्या रांगेवरची ट्यूब लुकलुकते आहे.
ती वहीत नोंदवतो, वेळेसकट,
आणि पान उलटेपर्यंत
तो रस्त्याच्या पलीकडे गेलेला असतो.